डॉक्टर रखमाबाई आणि नांदण्याचा हुकूम

आपल्या वार्षिक अंकासाठी दरसाल एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी चिटणीसांची आज्ञा असते व आम्ही ती यथामती पाळीत आलो आहो. आजवर आम्ही बहुधा संतांची चरित्रे लिहिली, आणि ते स्वाभाविकही होते. श्रीनामदेवरायांची जन्मभूमी म्हणून परंपरेने मानलेल्या ह्या नरसी गावी, कयाधूच्या काठी, ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या लेखणीस दुसरा विषय सहसा सुचत नाही. परंतु यंदा आम्ही एका वेगळ्या चरित्राकडे वळत आहो. ज्यांच्या नावे न्यायालयाने तुरुंगाची शिक्षा सांगितली व ज्यांनी पुढे हजारो आयाबायांची बाळंतपणे सुखरूप केली, त्या डॉक्टर रखमाबाईंचे हे चरित्र आहे. हा विषय आम्ही का निवडला, त्याचे कारण शेवटी सांगू. ते सांगताना आमची मान खाली जाणार आहे, हे आताच कबूल करून ठेवतो.

कोणी म्हणेल की, रखमाबाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या. खरे आहे, त्यांचा जन्म सुतार ज्ञातीत झाला. परंतु चोखोबांच्या अस्थी मंगळवेढ्याहून स्वतः आणून पंढरीच्या महाद्वारी ज्यांनी त्यांची समाधी करविली, असे परंपरा सांगते, त्या नामदेवरायांचे नाव घेणाऱ्या समाजाने मोठेपणास ज्ञातीचे कुंपण घालू नये. शिवाय जनाबाई नामदेवांच्याच घरी राबल्या व तेथेच संतपदास पोहोचल्या. घरातील स्त्रीचे दुःख व तिचा अधिकार हा विषय आपणांस परका असण्याचे कारण नाही.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबई येथे झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे जयंतीबाई. रखमाबाईंस पुरते कळू लागण्यापूर्वीच वडील निवर्तले. त्या समयी जयंतीबाईंचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या घरांत अशा मुलीचे केशवपन होऊन तिचे उरलेले आयुष्य माजघराच्या अंधारात गेले असते. परंतु सुतार ज्ञातीत पुनर्विवाहाची चाल होती. सुमारे सहा वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉक्टर सखाराम अर्जुन ह्या विधुर गृहस्थांशी झाला. विवाहापूर्वी त्यांनी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता आपल्या मुलीच्या नावे करून दिली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील प्रकरणात तिला महत्त्व आहे.

डॉक्टर सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईतील नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्राचे जाणते होते. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यांतील ते एक. सावत्र बाप म्हटला की आपल्याकडे नाक मुरडण्याची रीत आहे. पण रखमाबाईंस ह्या सावत्र बापाने जे दिले, ते कित्येकींस सख्ख्या बापाकडूनही मिळत नाही.

तरीही काळ आपले काम करतोच. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाशी लावण्यात आले. दादाजी हे सखाराम अर्जुनांच्या नात्यातले, परिस्थितीने गरीब. त्यांनी घरजावई म्हणून राहावे, शिकावे, चांगले गृहस्थ व्हावे, असा बेत ठरला होता. परंतु शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. ते आपल्या मामांच्या आश्रयास जाऊन राहिले, कर्जात बुडाले व दीर्घकाळ आजारीही पडले. ज्या मामांच्या घरी ते राहत, त्या घरची रीतही चांगली समजली जात नव्हती. मुलीस न्हाण आले की सासरी धाडावयाची, अशी त्या काळची रूढी. परंतु सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर, कोवळ्या वयात संसार लादल्याने मुलींच्या शरीराचे काय होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. त्यांनी मुलीस धाडण्यास नकार दिला. रखमाबाई माहेरी राहिल्या.

माहेरी राहून त्यांनी वेळ व्यर्थ घालविला नाही. शाळा सुटली होती. पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरीच वाचू लागल्या व इंग्रजी शिकल्या. आईबरोबर प्रार्थनासमाजात व पंडिता रमाबाईंनी काढलेल्या आर्य महिला समाजात त्यांचे जाणेयेणे असे. ह्या स्वाध्यायातून त्या पुढे इतके इंग्रजी लिहू लागल्या की, १८८५ च्या जून व सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया पत्रात बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्या विषयांवर एका हिंदू स्त्रीची म्हणून जी दोन पत्रे छापून आली व ज्यांनी मोठी खळबळ उडविली, ती त्यांचीच होती. आम्ही चाळीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ विद्यार्थी पाहिले. शाळा सुटल्यावर अशा रीतीने शिकणारा विद्यार्थी विरळा.

१८८४ च्या मार्चमध्ये दादाजींच्या वकिलांची नोटीस आली की, पत्नीस नांदावयास पाठवावे. नकार मिळताच त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. ह्या दाव्यास कायद्याच्या भाषेत दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा म्हणतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, बायकोस नांदावयास आणण्याचा दावा. रखमाबाईंनी लग्न झाल्याचे नाकारले नाही. त्यांचे म्हणणे असे की, हे लग्न आपण अजाण असताना आपल्या संमतीवाचून झाले, पतीजवळ आपल्या पोषणाची सोय नाही, त्यांची प्रकृती ठीक नाही, आणि ज्यांच्या आश्रयाने ते राहतात त्यांचे घर आपण जाण्याजोगे नाही. उलट पक्षाचे म्हणणे असे की, मुलीच्या नावावरील मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून माहेरची माणसेच तिला अडवून ठेवीत आहेत. मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेली गोष्ट ती हीच.

दावा चालू असतानाच, १८८५ च्या एप्रिलमध्ये, सखाराम अर्जुन वारले. आजवर जो हात पाठीशी होता तो गेला, व वीस वर्षांची मुलगी न्यायालयासमोर आईसह एकटी उरली. त्यांच्या बाजूने जे वकील उभे राहिले, त्यांत पुढे न्यायमूर्ती झालेले काशिनाथ त्रिंबक तेलंग हेही होते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी निकाल दिला. त्याचा सारांश असा. असा दावा मूळच्या हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आलेला आहे. आणि तेथेही तो जाणत्या वयात, आपखुशीने लग्न करून एकत्र राहिलेल्या जोडप्यांसाठी आहे. जी मुलगी अजाण वयात दिली गेली व जिने कधी त्या घरात पाऊलही टाकले नाही, तिला इच्छेविरुद्ध त्या पुरुषाच्या स्वाधीन करणे रानटीपणाचे होईल. सबब दावा फेटाळला गेला.

ह्या निकालाने महाराष्ट्रात दोन तट पडले. बेहरामजी मलबारी, पंडिता रमाबाई आदींनी रखमाबाईंची बाजू उचलली. लोकमान्य टिळक दुसऱ्या बाजूस होते. परक्या सरकारच्या न्यायाधीशाने आमच्या विवाहसंस्थेत हात घालू नये, असा त्या पक्षाचा मुख्य मुद्दा होता. लोकमान्यांविषयी आम्हांस नितांत आदर आहे व तो कमी व्हावयाचा नाही. परंतु थोर पुरुषांचेही एखाद्या प्रश्नी चुकते, हे मुलांना शिकविताना आम्ही कधी लपविले नाही, आणि येथेही लपवीत नाही. परक्यांनी लुडबूड करू नये हे बरोबर. पण मग घरच्यांनी तरी त्या मुलीस काय हवे ते विचारावयास हवे होते.

दादाजींनी अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली ह्यांनी पहिला निकाल फिरविला व खटला पुन्हा चालविण्यास सांगितले. तोवर पिन्हेसाहेब निवृत्त झाले होते. खटला न्यायमूर्ती फॅरन ह्यांच्यापुढे चालला व १८८७ च्या मार्चमध्ये त्यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीकडे नांदावयास जावे. न गेल्यास सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगावा.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. चोरी नाही, मारहाण नाही, कोणाचा पैसा बुडविला नाही. ज्या घरी जावयाचे नाही त्या घरी न जाणे, एवढाच अपराध, आणि शिक्षा तुरुंगाची. आणखी एक गोष्ट ऐकून तर थक्क व्हावे लागते. हा कायदा ज्यांच्या देशातून आला, त्या इंग्लंडात १८८४ सालीच, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच साली, अशा प्रकरणातील तुरुंगवास कायद्याने बंद करण्यात आला होता. आमच्या शास्त्रात ही शिक्षा नव्हती, त्यांच्या देशात ती उरली नव्हती, आणि तरीही ती मुंबईतल्या एका बावीस वर्षांच्या मुलीच्या वाट्यास आली. रूढी आमची व कायदा त्यांचा. दोहोंतले कठोर तेवढे एकत्र आले, आणि ते स्त्रीच्या माथी बसले.

रखमाबाईंनी दिलेले उत्तर सर्व देशभर गाजले. नांदावयास जाण्यापेक्षा कायद्यातील मोठ्यात मोठी शिक्षा आपण पत्करू, असे त्यांनी कळविले. त्यांच्या साहाय्यार्थ मुंबईत एक समिती उभी राहिली. एप्रिल महिन्यात त्यांचे एक पत्र लंडनच्या टाइम्स पत्रातही प्रसिद्ध झाले व तिकडील लोकांनाही ह्या प्रश्नाची जाणीव झाली. राणी व्हिक्टोरियांनी मध्ये पडून हे लग्न मोडले, अशी कथा आजही ऐकू येते. परंतु खटल्याचा शेवट तसा झाला नाही. १८८८ च्या जुलैमध्ये तडजोड झाली व दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकुमाची बजावणी न करण्याचे कबूल केले. पुढल्याच वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले. पुरुषास ती मोकळीक होती. रखमाबाईंचे लग्न मात्र कायद्याने मोडलेले नव्हते. स्त्रीची मोकळीक तेव्हा दोन हजार रुपयांना विकत घ्यावी लागली, आणि तीही अर्धीच मिळाली.

येथून त्यांच्या चरित्राचा उत्तरार्ध सुरू होतो, आणि आमच्या मते तोच अधिक मोठा आहे. खटला जिंकून वा हरून माणसे वर्तमानपत्रात येतात व चार दिवसांनी विसरली जातात. रखमाबाईंनी ठरविले की, आपण डॉक्टर व्हावयाचे. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉक्टर एडिथ पीची ह्यांनी उत्तेजन दिले, इंग्लंडातील हितचिंतकांनी साहाय्य केले, व १८८९ मध्ये त्या विलायतेस गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले, स्कॉटलंडमध्ये अखेरच्या परीक्षा दिल्या व १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आनंदीबाई जोशी ह्यांनी अमेरिकेत पदवी मिळविली होती, परंतु परत आल्यावर अल्पावधीतच, १८८७ च्या फेब्रुवारीत, त्यांचे निधन झाले. रुग्णसेवेचा योग त्यांस लाभला नाही. बंगालमध्ये कादंबिनी गांगुली ह्यांनी त्या सुमारास वैद्यकी सुरू केली होती. आपल्या देशात प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या ज्या पहिल्या काही स्त्रिया, त्यांत रखमाबाईंचे नाव येते.

परत आल्यावर कामा रुग्णालयात अल्पकाळ काम करून १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात गेल्या. तेथे वीस वर्षांहून अधिक काळ व पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात १९२९-३० पर्यंत, अशी सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी सेवा केली. ती कशा स्वरूपाची असेल, ह्याची कल्पना जुन्या बायकांशी बोलल्यावाचून येणार नाही. बाळंतीण म्हणजे अंधाऱ्या खोलीतली, विटाळाची, शेगडीच्या धुरात कोंडलेली बाई. दवाखाना म्हणजे मरणाचे दार, असा समज. तेथे घरोघरच्या स्त्रियांचा विश्वास मिळवावयाचा, त्यांस दवाखान्यात आणावयाचे, आणि आईमूल दोघांना हाती पायी धड घरी धाडावयाचे, असे हे काम. आमच्या आजीची सात बाळंतपणे झाली व तीन मुले जगली. आमच्या पिढीतील ज्यांनी अशा गोष्टी घरात ऐकल्या आहेत, त्यांस पस्तीस वर्षांच्या त्या सेवेचे मोल निराळे सांगावयास नको.

१९०४ साली दादाजी वारले. तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या पुरुषाकडे नांदावयास जाण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटले, त्याच्यासाठी हे का, असा प्रश्न वाचकांस पडेल; आम्हांसही पडला. पुष्कळ विचार करून आम्हांस एवढेच वाटते की, त्यांचे भांडण त्या माणसाशी नव्हते. अजाण मुलीस न विचारता तिचे आयुष्य ठरविणाऱ्या रीतीशी ते होते.

त्यांच्या हयातीत ती रीत थोडीथोडी हलत गेली. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी दासी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीचा, तिच्याहून पुष्कळ मोठ्या असलेल्या पतीच्या जबरदस्तीने मृत्यू झाला. संमतिवय तेव्हा दहा वर्षांचे असल्याने त्याच्यावर बलात्काराचा आरोपच टिकेना. त्यास अवघी एक वर्षाची सक्तमजुरी झाली. म्हणजे पाहा, नांदावयास न गेलेल्या बायकोस सहा महिने, आणि बायकोचा जीव घेणाऱ्या नवऱ्यास बारा महिने! १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ते वय बारा करण्यात आले. रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेल्या वादाचा त्यात मोठा भाग होता. १९२३ साली दिवाणी कायद्यात दुरुस्ती होऊन, नांदावयास न जाणाऱ्या व्यक्तीस तुरुंगात घालण्याची तरतूद काढून टाकण्यात आली. खटल्यानंतर छत्तीस वर्षांनी का होईना, ती शिक्षा पुसली गेली. १९२९ साली शारदा कायदा झाला. त्याच साली मुंबई इलाख्यात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला. त्या विधेयकास कायदेकौन्सिलात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. बाळंतिणीस कामावरून विश्रांती मिळावी, तिची मजुरी बुडू नये, हे तत्त्व तेथून रुजले.

आमचा हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता; मुंबईचे कायदे इकडे लागू नव्हते. पुढे देश स्वतंत्र झाला, आणि १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अंमलात आला. एका पत्नीचा नियम झाला व क्रूरपणामुळे पतीपासून विभक्त राहण्याचा आणि ठरावीक कारणांवरून घटस्फोट मागण्याचा मार्ग स्त्रीस मिळाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, डॉक्टर रखमाबाईंनी देह ठेवला. वयाची नव्वद वर्षे त्यांनी पूर्ण केली होती. जे त्यांस बाविसाव्या वर्षी मिळावयास हवे होते, ते कायद्याच्या पुस्तकात आलेले पाहून त्या गेल्या.

नांदावयास आणण्याचा दावा मात्र त्या कायद्याच्या नवव्या कलमात राहिलाच. १९८३ मध्ये आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने ते कलम घटनाविरोधी ठरविले; परंतु पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. आता त्यात तुरुंग नाही, एवढाच फरक. आणि तो फरक रखमाबाईंच्या तपश्चर्येचा आहे.

आता आरंभी राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमची एक जुनी विद्यार्थिनी, आपल्याच ज्ञातीतील, दिवाळीस माहेरी आली ती हाताला फडके बांधून. पाठीवरही वळ होते, असे आमच्या घरच्या मंडळींनी सांगितले. दोन्ही घरचे चार वडीलधारे बसले. घरची अब्रू, धाकट्या बहिणीचे लग्न, लोक काय म्हणतील, हे सारे बोलून झाले. शेवटी समजुतीचा कागद करण्याचे ठरले. मास्तर शिकलेले, अक्षर चांगले, म्हणून तो कागद लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. मुलीने नांदावयास जावे, पुन्हा तक्रार आणू नये, असे आम्ही आमच्या हाताने लिहिले. मुलीची सही घेतली. ज्या मुलीस आम्ही मुळाक्षरे गिरवावयास शिकविली, तिच्याकडून आम्ही ती सही घेतली. तुला जावयाचे आहे काय, असे तिला एकानेही विचारले नाही. आम्हीही विचारले नाही.

ती गेली. वर्षभराने पुन्हा परत आली, ह्या खेपेस कडेवर मूल घेऊन. तेव्हा ती वडीलधाऱ्यांपुढे आली नाही व आमच्याकडेही आली नाही. भावाच्या घराच्या एका खोलीत तिने शिलाईचे यंत्र मांडले व त्यावर मूल वाढविले. मूल शिकून आज नोकरीस आहे. ती रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते. तो नमस्कार घेताना आम्हांस काय वाटते, ते आम्हीच जाणतो.

विशेष हे की, ज्या काळी आम्ही तो कागद लिहिला, त्या काळी कायदा झालेला होता. विवाहित स्त्रीस क्रूरपणे वागविणाऱ्या पतीस व त्याच्या नातलगांस तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम दंडविधानात १९८३ सालीच आले होते; आज तेच भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ ह्या कलमांत आहे. आम्ही शिक्षक असून आम्हांस त्याची नीटशी माहिती नव्हती. सरकारने कायदा केला व तो आमच्या गावापर्यंत पोहोचला नाही, असे म्हणून सुटका होत नाही. तो पोहोचविण्याचे काम ज्यांचे, त्यांत आम्हीही होतो.

त्यानंतर आणखी एक मोठा कायदा झाला आहे. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. नामदेवरायांची जन्मतिथी कार्तिक शुद्ध एकादशी, शके ११९२, ही इंग्रजी गणनेने २६ ऑक्टोबर १२७० अशी देण्यात येते. केवळ योगायोग आहे, परंतु नरसीकरांस तो विसरता येऊ नये असा आहे. ह्या कायद्यात मारहाण तर येतेच, शिवाय टोचून बोलणे, छळणे व पैशासाठी अडवून धरणे हेही येते. घर कोणाच्याही नावे असो, त्यात राहण्याचा तिचा हक्क मान्य झालेला आहे. न्यायालयाचा संरक्षणाचा हुकूम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. १८८७ चा हुकूम स्त्रीवर होता. आताचा हुकूम तिच्या बाजूचा आहे.

बाळंतपणाच्या रजेचेही तसेच. १९६१ च्या कायद्याने बारा आठवडे, व २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे पगारी रजा ठरली; तीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. आपल्या समाजातील कित्येक बंधूंचे शिलाईचे कारखाने आहेत व त्यांत भगिनी काम करतात. दहा वा अधिक माणसे कामास असतील तेथे हा नियम लागू आहे. बाईस दिवस गेले की तिचे नाव मुकाट्याने कमी करावयाचे, असे कोणाकडे घडत असेल तर ते बंद व्हावे. ज्ञातीच्या मालकाने ज्ञातीच्या मुलीस हक्काची रजा दिली नाही, तर संमेलनातील भाषणांस काय अर्थ?

ज्ञातीसंस्थेस आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, समजुतीच्या कोणत्याही बैठकीत प्रथम मुलीस एकटीस, एका वडीलधाऱ्या स्त्रीसमक्ष, तिची इच्छा विचारावी; आणि जेथे मारहाण झाली आहे तेथे नांदावयास जाण्याचा कागद करूच नये. दुसरी, वधूवरांच्या यादीबरोबर दरसाल अंकात एक पान असे छापावे की, स्त्रीस तिचे उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनाखर्च वकील मिळतो, आणि संकटात १८१ व ११२ ह्या क्रमांकांवर दूरध्वनी करता येतो. तिसरी, माहेरी परत आलेल्या मुलीच्या घरास कोणी नावे ठेवू नयेत. वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्या राज्यात २०१६ चा कायदा आहे. पण नावे ठेवण्याविरुद्ध कायदा नाही, तो आपणच पाळावयाचा आहे.

रखमाबाईंच्या पाठीशी एक सावत्र बाप उभा राहिला म्हणून त्या पहिला नकार देऊ शकल्या. आमच्या विद्यार्थिनीच्या पाठीशी तिचा मास्तर उभा राहिला नाही. हे चरित्र वाचून आपल्यापैकी एखाद्या घरी, परत आलेल्या लेकीस प्रथम पाणी देऊन मग तिची हकीकत विचारण्यात आली, तर आमच्या हातून लिहिल्या गेलेल्या त्या कागदाचे थोडेसे परिमार्जन झाले असे आम्ही समजू.

असो. लेख लांबला, त्याबद्दल क्षमा असावी. श्रीनामदेवराय सर्व ज्ञातिबंधुभगिनींस सुबुद्धी देवोत, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.